घटसर्प : वॉर्डात दाखल झालेलं मूल कशावर वाचतं?

अनघा बालरोगतज्ज्ञ

शाळेतल्या लसीकरणाच्या धाग्यावर दोघा-तिघांनी लिहिलं की घटसर्प (डिप्थीरिया) आता फक्त पुस्तकात उरलाय, मग पाच वर्षांच्या पोराला सुई कशाला टोचायची? तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढते आहे.

घटसर्प गेलेला नाही. २०१८ साली जगभरातून जागतिक आरोग्य संघटनेकडे जेवढे रुग्ण नोंदले गेले, त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या भारतातले होते. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीच्या किंग्जवे कॅम्पमधल्या महर्षी वाल्मीकी संसर्गजन्य रोग रुग्णालयात वीसहून जास्त मुलं या आजाराने गेली. त्यातली बरीचशी उत्तर प्रदेशातून आणलेली होती. २०२४ च्या ऑक्टोबरात राजस्थानातल्या डीग जिल्ह्यात पुन्हा मुलं दगावली. त्याआधी २०१६ मध्ये केरळात मलप्पुरमला. केरळसारखं राज्य, दवाखाने जवळ, डॉक्टर भरपूर, तरीही.

माझं म्हणणं असं, की दाखल झालेल्यांपैकी कोणतं मूल घरी जाणार आणि कोणतं नाही, हे बरंचसं दवाखान्याच्या दाराशी येण्याआधीच ठरलेलं असतं. लसीच्या कार्डावर किती डोस पडलेत आणि घसा दुखायला लागल्यापासून सिरम, म्हणजे यावरचं औषध, मिळेपर्यंत किती दिवस गेले, या दोन गोष्टींवर. बाकी सगळं आम्ही वॉर्डात करतो ते त्यानंतरचं.

दिवसांना एवढी किंमत का, ते नीट समजून घ्या. हा जंतू घशातच मुक्काम ठोकतो, रक्तात सहसा उतरत नाही. जीव घेतं ते त्याचं विष. ते रक्तावाटे हृदयाच्या स्नायूत, नसांत, मूत्रपिंडात पोचतं, पेशीच्या आत शिरतं आणि तिथलं प्रथिनं तयार करण्याचं कामच बंद पाडतं. त्यावरचं औषध म्हणजे अँटिटॉक्सिन, वॉर्डातल्या भाषेत एडीएस किंवा नुसतं सिरम. ते रक्तात फिरणारं विष पकडून निकामी करतं. पेशीत एकदा शिरलेल्या विषाचं ते काहीही करू शकत नाही. म्हणजे आज सकाळी दिलेलं सिरम कालपर्यंत झालेलं नुकसान भरून काढत नाही, फक्त उद्याचं अडवतं. म्हणूनच घशाच्या स्वॅबच्या रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखायची तपासणी, यायला दोन-तीन दिवस लागतात. घशात बसलेला करडा पडदा बघून संशय बळावला की स्वॅब घ्यायचा आणि लगेच सिरम सुरू करायचं.

सिरमचा डोस मुलाच्या वजनावर ठरत नाही, हे ऐकून पालकांना नवल वाटतं. तो ठरतो अंगात विष किती असेल त्या अंदाजावर. दोन दिवसांच्या आतला, घशापुरता आजार असेल तर २० ते ४० हजार युनिट. तीन दिवस उलटलेत किंवा मान सुजली आहे, तर ८० हजार, एक लाख, कधी त्याहून जास्त. मग मूल दोन वर्षांचं असो की बारा वर्षांचं. सोबत पेनिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिन चौदा दिवस. पण अँटिबायोटिक जंतू मारतं, म्हणजे नवीन विष तयार होणं थांबतं आणि इतरांना लागण होत नाही. आधी तयार झालेल्या विषावर ते चालत नाही. ‘अँटिबायोटिक चालू केलंय ना, मग सिरमचं बघू उद्या’ हा विचार जीवघेणा आहे.

आता मूल समोर आल्यावर आम्ही काय बघून धास्तावतो ते सांगते. मान. हनुवटीपासून गळ्यापर्यंत सूज भरून मान बैलासारखी दिसते, तिला आम्ही बुल नेक म्हणतो. पडदा टॉन्सिलपुरता न राहता पडजीभ, टाळू, नाकापर्यंत पसरलेला. नाका-हिरड्यांतून रक्त. आवाज घोगरा आणि श्वास घेताना घर्र आवाज, म्हणजे पडदा स्वरयंत्राकडे उतरलाय. लघवी कमी. आणि ईसीजी. पहिल्या ईसीजीतच हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा दिसला तर आमच्या पोटात गोळा येतो. कुपोषण आणि लहान वय हे त्यात भर घालतं. एकंदर मृत्यूचं प्रमाण ५ ते १० टक्के सांगतात, पाच वर्षांखालच्या मुलांत ते २० टक्क्यांपर्यंत जातं. हृदयाला जबर मार बसलेल्या मुलांत यातला कुठलाच आकडा दिलासा देत नाही.

प्रश्न विचारा. जमेल तसं उत्तर देईन.

कोथरूडची आई

अनघाताई, वाचून काळजाचं पाणी झालं. माझ्या लेकाला वर्षातून तीन-चारदा टॉन्सिल सुजतात, पांढरे ठिपकेही येतात. दर वेळी घाबरायचं का? घरी ओळखायचं कसं?

अनघा बालरोगतज्ज्ञ

दर वेळी घाबरू नका. नेहमीच्या टॉन्सिलमध्ये ताप सणसणून चढतो, ठिपके पिवळट-पांढरे असतात आणि टॉन्सिलवरच राहतात. घटसर्पात ताप अनेकदा बेताचाच असतो, पण मूल तापाच्या मानाने फार मलूल दिसतं, नाडी जोरात पळते. पडदा करडा, जाड, घट्ट चिकटलेला, टॉन्सिलच्या बाहेर पसरणारा. तो ओढला तर रक्त येतं. घरी चमच्याने किंवा कापसाने खरवडायचा प्रयत्न अजिबात करू नका. तोंडाला विशिष्ट घाण वास येतो. लहान मुलांत कधी एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित शेंबूड येत राहतो आणि सगळे सर्दी समजतात.

तुमच्या लेकाचे सगळे डोस झाले असतील तर टॉन्सिल ही टॉन्सिलच असण्याची शक्यता जास्त. कार्ड मात्र एकदा काढून बघा. दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टर आहे का?

सिस्टर शैला

मी बरीच वर्षं संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात काम केलंय. मॅडमनी पहिल्या आठवड्याचं लिहिलं, मी दुसऱ्या आठवड्याचं लिहिते, कारण नातेवाईक आणि आम्ही यांच्यात सगळे वाद तेव्हाच होतात.

सिरम मिळालं की चार-पाच दिवसांत पडदा सुटतो. गळ्याची सूज ओसरते. मूल खिचडी मागतं, खाटेवर उभं राहतं, आईला हसून दाखवतं. आणि वडील म्हणतात, सिस्टर, आता बरा झाला, सोडा, घरी म्हशी आहेत, दुसरी पोरं आहेत. त्यांचं चुकत नाही, मजुरी बुडतेय, खाली फरशीवर झोपून कंबर धरलीय. पण हृदयाचा त्रास नेमका याच दिवसांत सुरू होतो. घसा बरा दिसायला लागतो आणि आतून नाडी अनियमित व्हायला लागते. रोज ईसीजी काढतो तो याचसाठी. मुलाला संडासलासुद्धा चालत जाऊ देत नाही, भांडं देतो. खेळणारं मूल निजवून ठेवणं हे नर्सिंगमधलं सगळ्यात अवघड काम असेल, पण अचानक कोसळलेली मुलं पाहिली आहेत म्हणून आम्ही कडक वागतो.

नंतर आवाज. मूल नाकात बोलायला लागलं, पाणी पिताना नाकातून परत आलं, तर टाळूच्या नसा गेल्या समजायचं. मग तोंडाने काही द्यायचं नाही, नळी घालायची, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. बऱ्याच बायका आधी सांगत नाहीत, त्यांना वाटतं घाईने पितंय म्हणून नाकात गेलं. ही एक खूण प्रत्येक आईला तोंडपाठ करून सांगते.

खाटेशेजारी सक्शन आणि ट्रॅकिओस्टॉमीचा (गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करण्याचा) ट्रे तयार ठेवायचा, रात्रपाळीत तर दोनदा तपासायचा. सुटलेला पडदा श्वासनळीत अडकला की हातात फार थोडा वेळ असतो.

बेळगावकर

सिस्टर, तुमच्यासारख्यांना दंडवत.

डॉक्टर, एक शंका. नसा गेल्या म्हणजे पोर कायमचं अपंग होतं का? आमच्या शेजारच्या मुलीला आजारानंतर दीड-दोन महिन्यांनी हातापायांतली ताकद गेली होती. लोक पोलिओ म्हणाले.

अनघा बालरोगतज्ज्ञ

नाही, आणि एवढ्या वाईट आजारात ही एक चांगली गोष्ट आहे. नसांवरचं आवरण खराब होतं, ते पुन्हा तयार होतं. टाळू पहिल्या काही आठवड्यांत, मग कधी डोळ्यांची जवळचं बघण्याची ताकद, आणि हातपाय दीड-दोन-तीन महिन्यांनी. त्या काळात श्वासाचे स्नायू किंवा गिळणं गेलं तर मूल धोक्यात येतं, व्हेंटिलेटरही लागू शकतो. पण या काळातून निभावलं तर ताकद जवळजवळ पूर्ण परत येते. म्हणून घरी सोडताना पुढच्या तीन महिन्यांत कधी परत यायचं, काय दिसलं तर धावत यायचं, हे लिहून द्यावं लागतं.

हृदयाचं तसं नाही. पूर्ण हार्ट ब्लॉक झाला, म्हणजे हृदयातलं विद्युतवहनच तुटलं, तर तात्पुरता पेसमेकर घालतात आणि काही मुलं त्यावर तगतात. पण स्नायूच एवढा निकामी झाला असेल की आकुंचनच होत नाही, तर पेसमेकरने ठोके मिळतात, रक्ताचा जोर मिळत नाही. स्टिरॉइडने हे टळत नाही.

जुनी पानं

इतिहास माझा आवडता विषय, म्हणून थोडी भर. सिरमने मुलं खरंच वाचतात का, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी भांडणाचा विषय होता.

बेरिंग आणि किटासाटो यांनी अँटिटॉक्सिनचं तत्त्व १८९० मध्ये मांडलं. बेरिंगला त्याबद्दल १९०१ चं वैद्यकातलं पहिलंवहिलं नोबेल मिळालं. १८९४ मध्ये एमिल रू यांनी पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयात घोड्याच्या रक्तापासून केलेलं सिरम सर्रास वापरलं आणि दाखल मुलांतलं मृत्यूचं प्रमाण निम्म्यावरून पाव हिश्श्यावर आलं. युरोपभर खळबळ. पण शंकेखोर म्हणाले, आदल्या वर्षांशी तुलना करून काय उपयोग? घटसर्पाची साथ स्वतःहूनच कधी सौम्य येते, कधी जहाल.

त्यावर कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयातल्या योहानेस फिबिगर या तरुण डॉक्टरने केलेलं काम मला फार मोठं वाटतं. १८९६-९७ या एका वर्षात त्याने एका दिवशी दाखल झालेल्यांना सिरम दिलं, दुसऱ्या दिवशी दाखल झालेल्यांना दिलं नाही, असं आलटून-पालटून. म्हणजे कोणाला द्यायचं हे डॉक्टरच्या मर्जीवर राहिलं नाही. सिरम मिळालेल्या २३९ रुग्णांत ८ मृत्यू, न मिळालेल्या २४५ मध्ये ३०. आज औषधांच्या चाचण्या ज्या रीतीने होतात त्या रीतीच्या पहिल्या पावलांत हा प्रयोग मोजतात.

त्याआधी, १८८० च्या दशकात, न्यूयॉर्कच्या अनाथाश्रमाच्या रुग्णालयात जोसेफ ओड्वायर हे गुदमरणाऱ्या मुलांच्या स्वरयंत्रात बसेल अशी नळी घडवत होते. आजच्या इंट्यूबेशनची (श्वासनळीत नळी घालण्याची) एक मुळी घटसर्पाच्या वॉर्डात आहे.

औषधनिर्माता

जुनी पानं, सुंदर माहिती. पण हेच सिरम आज मिळत नाही, त्याबद्दल कोणीतरी बोललं पाहिजे.

तंत्र जवळपास तेच आहे. घोड्याला निष्प्रभ केलेलं विष थोडं थोडं टोचायचं, त्याच्या रक्तात प्रतिविष तयार झालं की रक्त काढून ते शुद्ध करायचं. सर्पदंशावरचं इंजेक्शन आपल्याकडे असंच बनतं. फरक असा की साप सगळीकडे चावतात, त्यामुळे त्या औषधाला गिऱ्हाईक आहे. घटसर्पाचं सिरम वर्षाला थोडंच लागतं, कुठे लागेल ते सांगता येत नाही, २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं आणि मुदत संपली की फेकावं लागतं. श्रीमंत देशांत आजार जवळपास संपला, तसे कारखानेही बंद होत गेले. जगात बनवणारे आता मोजकेच.

२०१८ मध्ये दिल्लीत मुलं जात होती तेव्हा कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेकडून येणारा पुरवठा बंद पडला होता, हे तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. २०२३ मध्ये नायजेरियात कानो भागात मोठी साथ आली तेव्हाही सिरमसाठी जगभर शोधाशोध करावी लागली. घोड्याशिवाय, माणसाच्या प्रतिपिंडावरून प्रयोगशाळेत बनवायच्या औषधावर काम चालू आहे, पण ते अजून वॉर्डात आलेलं नाही.

माझं ठाम मत आहे की हे औषध नफ्या-तोट्याच्या हिशोबावर सोडता कामा नये. प्रत्येक विभागात एका ठिकाणी ठरावीक साठा आणि तो कुठे आहे हे प्रत्येक तालुक्याच्या डॉक्टरला माहीत, एवढं झालं तर मुलामागे एक-दोन दिवस वाचतील. एक-दोन दिवसांची किंमत वर अनघाताईंनी सांगितलीच आहे.

अनघा बालरोगतज्ज्ञ

शंभर टक्के सहमत. आणि सिरम घोड्याचं असल्याने काहींना तीव्र अ‍ॅलर्जी येते. म्हणून आधी थोडंसं देऊन बघतात, अ‍ॅड्रिनलिन भरून हाताशी ठेवतात. ही तयारी लहान दवाखान्यात नसते आणि मुलाला पुढे पाठवण्यात वेळ जातो. तरी पाठवायचं तर फोन करून पाठवा. पुढच्या डॉक्टरला सिरम आहे की नाही हे आधी विचारा. नुसती चिठ्ठी हातात देऊन पाठवलेलं मूल तीन दारं फिरून येतं.

बंट्या ७८

माझ्या मित्राच्या मुलीला लहानपणीचे तिन्ही डोस झाले होते, तरी सातव्या वर्षी घटसर्प झाला. मग लशीचा उपयोग काय? उगाच सगळा दोष पालकांवर टाकताय असं वाटतं.

अनघा बालरोगतज्ज्ञ

दोष कोणावर टाकायचा नाहीये, आणि प्रश्न रास्त आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे तीन डोस पाया घालतात. ते संरक्षण वर्षागणिक झिजत जातं. म्हणून १६ ते २४ महिन्यांत एक आणि पाच-सहा वर्षांत एक, असे त्रिगुणीचे (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर ठेवलेत, नंतर दहा आणि सोळा वर्षांना टीडी (धनुर्वात आणि घटसर्प). लहानपणीचे डोस आता बरेच जण घेतात, बूस्टर राहतात. त्यामुळे पूर्वी दोन-तीन वर्षांच्या मुलांचा असलेला हा आजार शाळकरी मुलांकडे सरकलाय. तुमच्या मित्राची मुलगी नेमकी त्या वयातली.

दुसरं असं की ही लस विषाविरुद्ध आहे. ती घेतलेल्याच्या घशात जंतू बसू शकतो, थोडा आजारही होऊ शकतो. पण रक्तात प्रतिविष आधीच तयार असल्याने हृदयापर्यंत मार पोचणं फार अवघड होतं. ती मुलगी कशी आहे आता?

बंट्या ७८

बरी आहे. आठवडाभरात घरी आली, हृदय-बिदय काही नाही. आता समजलं का ते. धन्यवाद डॉक्टर.

बार्सिलोनाहून मृदुला

स्पेनमधलं एक उदाहरण सांगते, इथे त्यावर खूप चर्चा झाली होती. २०१५ मध्ये कातालोनियातल्या ओलोत गावच्या सहा वर्षांच्या मुलाला घटसर्प झाला. देशात जवळपास तीस वर्षांत पहिलाच. त्याला एकही डोस दिलेला नव्हता. इथल्या डॉक्टरांनी हा आजार पाहिलेलाच नव्हता आणि देशात सिरम नव्हतं, ते रशियातून आणावं लागलं. उत्तम अतिदक्षता विभाग असूनही जूनच्या अखेरीस मूल गेलं. त्याच्या संपर्कातल्या मुलांची तपासणी केली तेव्हा काहींच्या घशात तोच जंतू सापडला. त्यांना काहीच झालेलं नव्हतं, कारण त्यांची लस झालेली होती. पैसा, यंत्रं, तज्ज्ञ सगळं असूनही दिवस हातचे गेले की काय होतं ते इथे सगळ्यांनी बघितलं.

गेवराईचा मास्तर

मी ऊसतोड कामगारांच्या मुलांबरोबर काम करतो. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, चैत्रापर्यंत परत येतात. सोळा ते चोवीस महिन्यांचं पोर त्यातला निम्मा काळ कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, असतं, आई पहाटे फडात. गावातल्या आशाताईच्या यादीत नाव आहे, पण पोर सांगलीला किंवा बेळगावकडे. तिथल्या उपकेंद्राच्या यादीत नावच नाही. कार्ड पेटीत राहिलेलं, नाहीतर पावसात भिजलेलं. पहिले तीन डोस बऱ्याचदा झालेले सापडतात, पुढचं कोरं.

आई-बाप लशीच्या विरुद्ध नाहीत. त्यांना कोणी विचारलंच नाही. कारखान्याच्या तळावर सिस्टर आल्या त्या दिवशी बायका कोयता ठेवून रांगेत उभ्या राहिलेल्या मी बघितल्यात.

माझे दोन प्रश्न. मधला डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करायचं का? आमच्याकडे असं सांगून परत पाठवतात. आणि कोपीत एका पोराला झालं तर शेजारच्या कोप्यांचं काय?

अनघा बालरोगतज्ज्ञ

मास्तर, पहिल्यापासून सुरू करायची अजिबात गरज नाही. राहिलाय तिथून पुढे जायचं. सात वर्षांपर्यंत त्रिगुणी देता येते, त्यापुढे टीडी. कार्ड हरवलं असेल आणि काहीच कळत नसेल तर झालेलं नाही असं धरून द्यायचं, जास्तीच्या डोसने बिघडत नाही, फार तर दंड दुखेल. परत पाठवणं चूक आहे. पुढच्या वेळी टोळी निघण्याआधी, गणपतीच्या दिवसांतच, आशाताईंबरोबर बसून दोन आणि सहा वर्षांखालच्या पोरांची यादी काढता आली तर बघा. आईच्या मोबाईलमध्ये कार्डाचा फोटो असू द्या, भिजायचा प्रश्न नाही.

शेजाऱ्यांचं असं: एकाच झोपडीत निजणारे, एका ताटात खाणारे, एकत्र खेळणारे, सगळ्यांचे घशाचे स्वॅब घ्यायचे आणि रिपोर्टची वाट न बघता एरिथ्रोमायसिन सात ते दहा दिवस द्यायचं. एवढे दिवस गोळ्या घेतल्या जाणार नाहीत असं वाटलं तर लांब परिणामाच्या पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन, तुमच्या तळावर तेच सोयीचं. राहिलेले डोस त्याच दिवशी. आठवडाभर रोज घसा बघायचा. मोठ्यांनाही सोडायचं नाही, त्यांचं संरक्षण कधीच झिजलेलं असतं.

सिस्टर शैला

मास्तर, एक मॅडमकडून राहिलं. आजारातून उठलेल्या पोरालाही लस द्यावी लागते. लोकांना वाटतं एकदा होऊन गेलं म्हणजे परत होत नाही, गोवरासारखं. घटसर्पाचं तसं नाही, त्यातून हमखास प्रतिकारशक्ती येत नाही. घरी सोडायच्या आधी, तब्येत सावरली की, पहिला डोस वॉर्डातच टोचून कार्डावर तारीख घालून घ्या. पुढची तारीख टोळी कुठे असेल ते विचारून लिहायला सांगा.

गेवराईचा मास्तर

लिहून घेतलं. तळावरच्या सिस्टरांचा नंबर आहे, आज संध्याकाळी बोलतो. यादीचा नमुना कोणाकडे असेल तर इथे टाका.